खालच्या इयत्तांच्या अध्यापनातली पदव्युत्तर पदवी: घ्यावी का, आणि कुठली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिक्षणशास्त्राची पात्रता हातात आहे, खालच्या वर्गांना शिकवण्याचा काही वर्षांचा अनुभव गाठीशी आहे, आणि आता पहिली ते पाचवी किंवा सहावी ते आठवी अशा एखाद्या ठरावीक टप्प्याच्या अध्यापनावर बेतलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याचा विचार चालू आहे. सोबत तीन शंका आहेत: सगळा वेळ सिद्धान्त घोकण्यात जाईल का, एका टप्प्याचा शिक्का बसला की वरच्या वर्गांची दारं बंद होतील का, आणि प्रबंध झेपेल का.

माझं मत आधीच सांगते. जरूर घ्या, पण वर्गातला एखादा प्रश्न तुमच्या मनात घर करून बसलेला असेल तरच. "हे मूल सगळी अक्षरं ओळखतं, मग शब्द का वाचत नाही?" किंवा "मी तीन वेळा समजावलं, तरी अर्ध्या वर्गाला अपूर्णांक का कळले नाहीत?" असा प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल, तर या पदवीइतकी चांगली जागा दुसरी नाही. प्रश्नच नसेल आणि नावापुढे आणखी चार अक्षरं हवी असतील, तर तो मार्ग फार लांबचा आणि थकवणारा आहे.

आता पहिली गोष्ट, जी प्रवेश घेणारे बरेच जण तपासत नाहीत. 'शिक्षणातली पदव्युत्तर पदवी' या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळे अभ्यासक्रम चालतात. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठांकडे गेलं आणि १९७९ पासून पहिली ते सहावीच्या वर्गशिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते. तिथला अभ्यासक्रम ३०० श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा): पदवीचे १८० आणि त्यापुढचे १२०. नॉर्वेने २०१० मध्ये पहिली ते दहावीसाठी असलेलं एकच सामाईक प्रशिक्षण मोडून पहिली ते सातवी आणि पाचवी ते दहावी असे दोन वेगळे मार्ग केले, आणि २०१७ पासून दोन्ही पाच वर्षांचे, पदव्युत्तर पातळीवर संपणारे केले. आइसलंडनेही २००८ च्या कायद्याने तीच दिशा धरली. या देशांत ही पदवी म्हणजे वर्गात उभं राहण्याची पात्रता. भारतातलं एम.एड. वेगळं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांत ते दोन वर्षांचं झालं, त्यात प्रारंभिक (पहिली ते आठवीचं) शिक्षण किंवा माध्यमिक-उच्च माध्यमिक शिक्षण असं विशेषीकरण निवडायची सोय आली, पण त्याचा घोषित हेतू शिक्षकांचे शिक्षक, अभ्यासक्रम आखणारे आणि शैक्षणिक प्रशासक घडवण्याचा आहे. तिसरा प्रकार नोकरी सांभाळून करायच्या अभ्यासक्रमांचा. त्यात येणारा आधीच शिक्षक असतो आणि त्याला स्वतःचा वर्ग अधिक चांगला चालवायचा असतो.

तेव्हा माहितीपत्रकावरचं नाव वाचून थांबू नका. हा अभ्यासक्रम तुम्हाला वर्गासाठी तयार करतो, की वर्गातून बाहेर नेण्यासाठी? दोन्ही कामं मोलाची आहेत. पण तुम्हाला दुसरीचा वर्ग शिकवत राहायचा असेल आणि अभ्यासक्रमात शैक्षणिक व्यवस्थापन, शिक्षणाचा इतिहास आणि धोरण यांचेच पेपर भरलेले असतील, तर पहिल्याच सत्रात तुमचा जीव रमेनासा होईल. आणि तो दोष तुमचा नसेल.

सिद्धान्ताची शंका मला महत्त्वाची वाटते, म्हणून तिथे जरा थांबते. खालच्या इयत्तांना शिकवायला फारसं ज्ञान लागत नाही, माया आणि संयम असला की झालं, असा एक समज शाळांतही खोल रुजलेला आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. वर्ग जितका खालचा, तितकं शिक्षकाला विषयाच्या मुळाशी जास्त जावं लागतं.

एक साधं उदाहरण घेऊ. तिसरीच्या वर्गात ५२ वजा ३८ दिलंय. उत्तर १४. एका मुलीने २६ लिहिलं, दुसऱ्या मुलाने २४, तिसऱ्या मुलीने १५. घाईतला शिक्षक तिन्ही वह्यांवर लाल फुली मारतो आणि फळ्यावर हातच्याची वजाबाकी पुन्हा एकदा करून दाखवतो. पण २६ लिहिणाऱ्या मुलीने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. तिच्या लेखी ५२ ही एक संख्या नाहीच, शेजारी उभे राहिलेले दोन सुटे अंक आहेत. २४ लिहिणाऱ्याने दशक सुटा केला, बारातून आठ काढून चार आणले, पण पाच दशकांतला एक कमी करायचा राहून गेला. आणि १५ लिहिणारीला दशक-एकक उत्तम कळलंय. ती बाराच्या मागे बोटांवर मोजत गेली आणि मोजताना बारा हाच पहिला आकडा धरला, म्हणून पाचावर थांबली. पहिल्या मुलीला ५२ चं पूर्णत्व दिसायला हवं. दुसऱ्याला काड्यांचा गठ्ठा स्वतः सोडून उरलेले गठ्ठे मोजायला द्यावेत. तिसऱ्या मुलीच्या हातात गठ्ठे देणं म्हणजे तिचा वेळ वाया घालवणं, कारण तिची अडचण फक्त मागे मोजण्याची आहे.

मुलांच्या चुकांना अशी आपली एक रीत असते, हे जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीच्याच चुका तपासून दाखवलं. १९८६ मध्ये ली शुलमन यांनी या प्रकारच्या ज्ञानाला 'पेडॅगॉजिकल कंटेंट नॉलेज' असं नाव दिलं आणि त्याला विषयज्ञान व अध्यापनकौशल्य या दोन्हींपेक्षा निराळा दर्जा मिळवून दिला: विषय शिकणाऱ्याला कुठे अडखळायला होतं, कोणतं उदाहरण ती गाठ सोडवतं, कोणता क्रम चालतो, याचं ज्ञान. पुढे हेदर हिल, ब्रायन रोवन आणि डेबोरा बॉल यांनी २००५ मध्ये पहिली आणि तिसरीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात आढळलं की शिक्षकाचं हे 'शिकवण्यासाठीचं गणित' जितकं पक्कं, तितकी मुलांची वर्षभरातली प्रगती जास्त. पहिलीच्या मुलांतसुद्धा! चांगल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सिद्धान्त म्हणतात तो हा असतो, आणि तो दुसऱ्या दिवशी वर्गात वापरता येतो.

वाचनाचंही तसंच. 'क', 'म', 'ळ' अशी तिन्ही अक्षरं अचूक म्हणणारं मूल 'कमळ' म्हणत नाही, तेव्हा त्याला अक्षरओळख पुन्हा करवून घेणं निरर्थक असतं. अडतं ते आवाज एकमेकांत मिसळण्यापाशी, आणि ते तोंडी खेळांतून सुटतं. आपल्या लिपीत मूळ अक्षरांवर मात्रा, वेलांट्या, उकार, जोडाक्षरं यांचा पसारा इतका आहे की पहिलीत 'अक्षरं झाली' असं म्हणण्याला फारसा अर्थ नाही. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, त्यात अक्षरज्ञान पक्कं होण्याची प्रक्रिया चौथीपर्यंत आणि त्यापुढेही चालू असल्याचं दिसलं. रोमन लिपीतल्या वाचनावरचं संशोधन जसंच्या तसं उचलून आपल्या वर्गांना लावणाऱ्या अभ्यासक्रमापासून जरा सावध राहा. लिपी वेगळी, तर मुलांची अडखळण्याची ठिकाणंही वेगळी.

हे सगळं सांगितल्यावर एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. पदव्युत्तर पदवी घेतली म्हणून शिक्षकाचं शिकवणं आपोआप सुधारतं, याला संशोधनाचा आधार नाही. रिव्हकिन, हानुशेक आणि केन यांनी २००५ मध्ये टेक्सासमधली प्रचंड माहिती तपासली, तेव्हा अशी पदवी असलेल्या शिक्षकांची मुलं त्या पदवीमुळे जास्त शिकतात असं काही आढळलं नाही. याउलट गोल्डहेबर आणि ब्रूअर यांना दहावीच्या गणितात फरक दिसला, पण तो गणितातच पदव्युत्तर पदवी घेतलेल्या शिक्षकांच्या बाबतीत. मी यातून काढते तो अर्थ असा: पदवीचा विषय आणि रोजचं शिकवणं यांची सांगड जितकी घट्ट, तितकी पदवी कामाची. 'शिक्षण' या ढोबळ नावाची पदवी घेऊन दुसरीचं गणित सुधारेल अशी आशा धरू नका. दुसरीच्याच गणितात, दुसरीच्याच वाचनात खोल उतरवणारा अभ्यासक्रम शोधा. टप्पानिहाय पदवीच्या बाजूने माझं वजन पडतं ते याच कारणासाठी.

टप्पा निवडताना मात्र घाई नको. भारताच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ५+३+३+४ अशी रचना मांडली: वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दुसरी इयत्ता संपेपर्यंत पायाभूत टप्पा, मग तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी ते बारावी. नॉर्वेतल्या विभागणीत पाचवी ते सातवी या इयत्ता दोन्ही मार्गांत येतात, आणि मला ती योजना शहाणपणाची वाटते. दहा-बारा वर्षांचं मूल खरोखरच सीमेवर असतं. त्याला एकाच शिक्षकाची सावलीही लागते आणि विषयात खोल शिरलेला माणूसही लागतो.

तुमचा कल कुठे आहे, हे कागदावर विचार करून कळत नाही. दोन्ही टोकांच्या वर्गात सलग आठवडाभर बसा. पहिलीच्या वर्गात दुपारी, मुलं दमलेली असताना, तुम्हाला कंटाळा येतो की उत्सुकता वाटते? सातवीचा मुलगा "पण असंच का?" म्हणून हटून बसतो, तेव्हा तुम्हाला चेव चढतो की त्रास होतो? पहिली-दुसरीत शिकवणाऱ्याला एकच गोष्ट वीस प्रकारे करून बघण्यात आनंद वाटावा लागतो. सातवी-आठवीत विषयाची ओढ जास्त लागते. त्यात उच्च-नीच काही नाही, पण चुकीच्या टोकाला गेलेला शिक्षक दोन-तीन वर्षांत कोमेजतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

दारं बंद होण्याची भीती काही अंशी खरी आहे. जिथे परवाना इयत्तांनुसार मिळतो, तिथे पहिली ते सातवीच्या पात्रतेवर नववीला शिकवता येणार नाही. प्रवेशाआधी नियामक संस्थेचे नियम स्वतः वाचा, महाविद्यालयाच्या कार्यालयात तोंडी मिळालेल्या आश्वासनावर विसंबू नका. पण जी दारं उघडतात त्यांकडेही बघा: सुरुवातीच्या वाचनाचं, पाठ्यपुस्तक-निर्मितीचं, शिक्षक-प्रशिक्षणाचं काम. या ठिकाणी सगळं थोडं थोडं जाणणाऱ्यापेक्षा एका टप्प्याचं मूल आरपार ओळखणारा माणूस हवा असतो, आणि असे लोक फार थोडे आहेत.

आता प्रबंध. बहुतेकांना धास्ती त्याचीच असते आणि माझ्या मते या पदवीचा खरा गाभाही तोच. विषय निवडतानाच निम्मी लढाई जिंकली किंवा हरली जाते. 'प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या वाचनक्षमतेचा अभ्यास' या मथळ्याखाली काहीही लिहिता येतं, म्हणून त्यातून काहीच हाती लागत नाही. शंभर शिक्षकांना प्रश्नावली वाटायची, टक्केवारीचे तक्ते काढायचे आणि शेवटी 'शिक्षकांना अधिक प्रशिक्षण द्यावे' अशी शिफारस करायची, असे प्रबंध ग्रंथालयांत रांगेने उभे आहेत. ते लिहिणारा शिक्षक प्रबंधानंतर अगदी तसाच शिकवतो, जसा आधी शिकवायचा.

त्यापेक्षा लहान आणि टोकदार प्रश्न घ्या. उदाहरणार्थ: दुसरीतली मुलं ऐकलेली दोन अंकी संख्या लिहिताना अंकांची अदलाबदल नेमकी कुठल्या संख्यांत करतात? 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. 'एकोणतीस' मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून ३९ लिहिलं जातं. जर्मन मुलांनाही एकक आधी ऐकावा लागतो, तेव्हा तुलना करायला बाहेरचं संशोधन मिळतं. साधनं म्हणाल तर एक वर्ग, दर पंधरवड्याला वीस संख्यांचं श्रुतलेखन, आणि ज्या मुलांनी उलटं लिहिलं त्यांच्याशी पाच-पाच मिनिटांच्या गप्पा: "तू हे कसं लिहिलंस, मला सांगशील?" एवढ्यातून काही महिन्यांत जी माहिती जमते, ती कुठल्याही प्रश्नावलीतून मिळणार नाही. त्या गप्पा ध्वनिमुद्रित करा, पालकांची लेखी संमती घ्या, मुलांची नावं बदला आणि ध्वनिमुद्रण स्वतः ऐकून उतरवून काढा. उतरवून काढण्याचं काम कंटाळवाणं वाटतं, पण मूल बोलता बोलता कुठे थबकलं आणि आपण कुठे त्याचं वाक्य घाईने पुरं केलं, हे तिथेच कळतं. माझ्याकडे प्रबंध करणाऱ्यांना मी हे काम दुसऱ्याकडून करून घेऊ देत नाही.

आपल्याच वर्गात संशोधन करणं कमी दर्जाचं असतं, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. कृतिसंशोधनाची मांडणी कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये केली, आणि शिक्षकानेच संशोधक व्हावं ही भूमिका लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७० च्या दशकात जोरकसपणे मांडली. एक पथ्य मात्र कडकपणे पाळावं लागतं: आपली पद्धत यशस्वी ठरली हे सिद्ध करण्यासाठी संशोधन करायचं नाही. 'मी उपक्रम राबवला आणि सगळ्या मुलांत सुधारणा झाली' असा निष्कर्ष आला की मी पहिला प्रश्न विचारते, ज्या मुलांत सुधारणा झाली नाही ती कुठे आहेत? त्यांच्यावर लिहिलेलं प्रकरणच बहुधा सगळ्यांत वाचनीय असतं.

मार्गदर्शक कोण मिळणार, हे प्रवेशाआधी विचारायला अजिबात संकोच करू नका. प्राथमिक वर्गात कधी पाऊल न टाकलेला मार्गदर्शक तुमच्या प्रश्नाला संख्याशास्त्रीय चाचणीच्या साच्यात कोंबेल, कारण त्याला तेवढंच येतं. विभागाच्या ग्रंथालयात जाऊन गेल्या काही वर्षांतले प्रबंध चाळा. नुसते मथळे नकोत, मधली प्रकरणं वाचा. त्यांत मुलांचे शब्द, मुलांच्या वह्यांतली पानं, वर्गातले संवाद दिसतात का? मुलांचा आवाजच कुठे ऐकू येत नसेल, तर तो विभाग तुमच्यासाठी नाही.

वेळापत्रकही मागून घ्या. शाळेतला सराव किती आणि कसा, हे त्यातून दिसतं. नॉर्वेतल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान ११० दिवसांचा मार्गदर्शित सराव बंधनकारक आहे. फिनलंडमध्ये विद्यापीठांच्या स्वतःच्या सरावशाळा आहेत आणि तिथले शिक्षक विद्यार्थ्यांचे मार्गदर्शकही असतात. तुमच्याकडच्या अभ्यासक्रमात एवढं नसेलही, पण पाठ झाल्यावर निरीक्षक काय करतात, हे जुन्या विद्यार्थ्यांकडून काढून घ्या. टाचणवहीवर सही करून निघून जातात, की शेजारी बसून "त्या कोपऱ्यातल्या मुलाने काय उत्तर दिलं ते ऐकलंत का?" असं विचारतात? एवढ्यावरून सबंध संस्थेची परीक्षा होते.

पगाराबद्दल थोडक्यात. कुठे या पदवीने वेतनश्रेणी वाढते, कुठे नाही, आणि नियम बदलतात. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्याने २०१३ मध्ये शिक्षकांना पदव्युत्तर पदवीसाठी मिळणारी जादा वेतनश्रेणी नव्या उमेदवारांसाठी बंद केली. तेव्हा कर्ज काढून शिकणार असाल, तर हिशेब आजच्या पगारावर करा, होऊ घातलेल्या बढतीवर नको.

पदवीनंतर लगेच जावं की काही वर्षं शिकवून? पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रमच असेल तर प्रश्न उरत नाही. निवड हातात असेल तर दोन-तीन वर्षं शिकवून जा. ज्याने एकही वर्ग वर्षभर सांभाळलेला नाही, त्याला शुलमन वाचताना कुणाचाच चेहरा आठवत नाही. दहा-पंधरा वर्षांनी येणाऱ्यांची अडचण वेगळी असते: हात इतका बसलेला असतो की आपण जे करतो ते का करतो, हे त्यांना नव्याने बघावं लागतं. ते जमलं की त्यांचं काम सगळ्यांत कसदार होतं.

नोकरी सांभाळून करणार असाल, तर पहिल्या सत्रात प्रबंधाचा विषय ठरवण्याचा आग्रह कुणी धरला तरी थांबा. आधी एक वही घाला आणि तिच्यात रोज एकाच मुलाचं एकच अनपेक्षित उत्तर, त्याच्याच शब्दांत, तारखेनिशी लिहा. स्वतःचं स्पष्टीकरण त्याच पानावर लिहू नका, ते आठवड्याने लिहा. दोनेक महिन्यांत काही उत्तरं एकमेकांसारखी दिसू लागतील, आणि विषय तिथे सापडेल. शिवाय मुख्याध्यापकांना आत्ताच भेटून पुढची दोन वर्षं तोच वर्ग तुमच्याकडे ठेवायची विनंती करा: या वर्षी पहिली, पुढच्या वर्षी तीच मुलं दुसरीत. वर्षाअखेरच्या बदल्यांत वर्ग हातचा गेला तर अर्धी माहिती त्याच्याबरोबर जाते, आणि ही विनंती वेळापत्रक ठरण्याआधी केली तरच मान्य होते.